जड ते माझ्याकडे राहिलं

मी बर्फ बोलतोय, प्रयोगशाळेच्या बेसिनमधून, उलट्या केलेल्या बाटलीत अडकून. गोड बोलणं ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

कालपर्यंत मी एका शिंपीणबाईंच्या विहिरीचं पाणी होतो. शेजारच्या कारखान्याचं सांडपाण्याचं उघडं तळं विहिरीत झिरपतंय, हा त्यांचा संशय. त्यांनी स्वतः बाटली भरून तपासनिसाच्या हातात दिली. "नीट बघा हो भाऊ, सून दोन जिवांची आहे," एवढंच म्हणाल्या.

भाऊंनी काय केलं? फ्रीजमध्ये साहेबांच्या डब्याला जागा हवी म्हणून मला मागच्या गारठलेल्या भिंतीला ढकललं. आज सकाळी बघतात तर बाटली फुगलेली आणि अर्धं पाणी गोठलेलं.

"साहेब, वितळू देऊ का?"

"अरे, पाणी ते पाणी. न गोठलेलं ओतून घे. दुपारी रिपोर्ट द्यायचाय."

त्या 'पाणी ते पाणी'वर माझा दात आहे. पाण्याचे स्वतःचे कण, म्हणजे रेणू, बहुतेक हलके असतात, तसे थोडे जडही असतात. उघड्या तळ्यातले हलके उन्हात आधी उडून जातात, म्हणून तळ्याचं पाणी जड होतं. विहिरीत तो जडपणा सापडला की कारखाना पकडला गेला. पण पाणी गोठताना जड कण बर्फाकडे जास्त ओढले जातात आणि मागे उरतं ते हलकं पाणी. फरक हजारामागे दोन-तीनाचा. पण तेवढाच मोजायला तर ते महागडं यंत्र आणलंय. मला पुरतं वितळवून, बाटली हलवून मग मोजायचं होतं. तासाभराचं काम, तेही यांच्या जिवावर आलं.

यंत्राने हलक्या पाण्याचा आकडा दिला. साहेबांनी सही ठोकली आणि डबा उघडला.

आत्ता भाऊ फोनवर आहेत. "नाही ताई, तळ्याचा संबंध निघाला नाही."

"मग सुनेने प्यायलं तर चालेल ना?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलंय, मी शपथेवर सांगतो. "रिपोर्टमध्ये तरी तसंच आहे," ते म्हणाले, फोन ठेवला आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

मी चाललो. तुमच्यापैकी कुणाला त्या बाई भेटल्या तर सांगा, पुरावा तुमच्याच बाटलीत होता, यांनी तो धुऊन टाकला. आणि सुनेला ते पाणी देऊ नका.