डोलीत उलटी बसलेली जना

मी डोली बोलतेय. लग्नात फुलांच्या माळा मिरवणारी नव्हे हं. मी चौक गावाहून माथेरानच्या डोंगरावर माणसं वाहणारी, वेताच्या बैठकीची. हिरामण सुताराने मला घडवलं तेव्हा म्हणाला होता, हिच्यात राजे बसतील. कसले राजे! थुलथुलीत साहेब, घाबरट मडमा, मुंबईचे शेटजी. चढ लागला की डोळे गच्च मिटायचे आणि वर पोचल्यावर म्हणायचे, काय सुंदर जागा आहे. मला हसू आवरायचं नाही.

मला उचलायचे नवशा आणि त्याचा धाकटा भाऊ पोशा, पायथ्याच्या वाडीतले. रिकामी डोली डोंगर चढली की मढं घेऊन उतरते, असं त्यांच्यात मानतात. म्हणून साहेबाला आणायला वर जाताना ते माझ्यात एक धोंडा ठेवत. किती धोंड्यांना मी माथेरान दाखवलंय म्हणून सांगू.

त्या पौषात थंडी अशी पडली की माझे सांधे कुरकुरायला लागले. नवशाचं तोंड उतरलेलं होतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि बायको, जना, त्याच्याशी बोलत नव्हती. तिचा लाडका कोंबडा या शहाण्याने तिला न विचारता साहेबाच्या खानसाम्याला देऊन टाकला होता. त्या सकाळी ती गाठोडं बांधून डोंगरापलीकडे नेरळच्या अंगाला माहेरी निघाली. परत येणार नाही, असं शेजारणीला बजावून गेली.

थोड्या वेळाने आम्हीही धोंडा घेऊन साहेबाला आणायला वर निघालो. धुकं इतकं दाट की पोशाला पुढचा नवशा दिसेना. अर्ध्या चढावर आधी गाठोडं दिसलं, मग त्याखालची जना.

"बस गं डोलीत," नवशा म्हणाला. तिने गाठोडं सावरलं आणि चढतच राहिली.

पोशाने माझ्यातला धोंडा उचलून झुडपात भिरकावला. "वयनी, आता डोली रिकामी हाय. तू नाय बसलीस तर आमचं मढं तुझ्या माथी."

मग काय करते बिचारी, बसली. पण पुढे चालणाऱ्या नवशाची पाठसुद्धा तिला बघायची नव्हती. म्हणून ती चक्क उलटी बसली, पाय मागे सोडून. माझ्या जन्मात असं कुणी बसलं नव्हतं.

थोडं चढलो आणि धुकं संपलं, झाकण काढल्यासारखं. ऊन आलं. खाली चौक, शेतं, वाडी, सगळं पांढऱ्या ढगात बुडालेलं. प्रबळगडाचा माथा आणि इर्शाळचं टोक तेवढं वर, उन्हात केशरी झालेलं. दुधावरची साय हलावी तसा तो ढग हळूहळू हलत होता. नवशाचं तोंड चढाकडे, पोशाचंही. बघत होतो फक्त आम्ही दोघी.

जना हसायला लागली. आधी आतल्या आत, मग अशी की माझा वेतही तिच्याबरोबर हसायला लागला.

"आरं, मागं बघ," ती म्हणाली.

ती नवशाशी बोलली होती. तो एवढा गडबडला की दांड्या खांद्यावर असतानाच गर्रकन वळला. पोशाही फिरला. मी मधल्यामधे भोवरा झाले. एकदा झालं आणि पोशाला मजा वाटली, मग आणखी एकदा, आणखी एकदा. जना कठडा धरून खिदळत होती. मी लाकडाची, तरी मला भोवळ आली. इतका आनंद मला आजवर कुणी दिला नव्हता.

पुढे वाट फुटली. एक वर साहेबाच्या बंगल्याकडे, एक नेरळकडे. नवशाने मला खाली ठेवलं.

"उतर. तुझी वाट आली," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

जना उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि खालच्या ढगाकडे बघत राहिली. "आपली वाडी त्याच्याच खाली हाय ना रं?"

"हाय."

"मग मी त्यातनंच जाते. तुमी साहेबाला घेऊन या. मी भाकरी थापते." दोन पावलं गेली आणि वळली. "आन् डोलीत धोंडा ठेव."

आता नेरळकडून डोंगरावर आगगाडीचे रूळ टाकतायत म्हणे. साहेब लोकांना माझी गरज उरणार नाही. मी नवशाच्या पडवीत असते. जनाच्या कोंबड्या माझ्यात अंडी घालतात आणि तिला विचारल्याशिवाय नवशा एका पिसालाही हात लावत नाही. मला चुलीत घालायची घाई मात्र कुणी करू नका, बाबांनो. पौषात माझं अजून काम असतं.

धुकं उतरलं की म्हातारी जना कोंबड्या हुसकते आणि माझ्यात बसते. उलटी, नवशाकडे पाठ करून.

"उचल," ती म्हणते.

"कुठं न्यू?"

"माहेरी."

नवशा गुडघ्यावर हात टेकून वाकतो, माझी एक दांडी टीचभर उचलतो आणि अलगद खाली ठेवतो.

"पोचलीस," म्हणतो.