घरगाडी, गाडी आणि मधल्या दोन सायकली

ऑर्व्हल हाउगनने नॉर्थ डकोटातल्या बर्फात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. दोन्ही बाजूंना कंबरभर बर्फ असताना चाळीस फुटांची ती पिवळी बस तो गल्लीतून अशी रिव्हर्समध्ये बाहेर काढायचा, की पोरांच्या हातातलं दूध हिंदकळायचं नाही. निदान तो तरी तसं सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घर विकून मोटरहोम, म्हणजे राहायची घरगाडी, घेतली, आणि तिथेच त्याची सगळी विद्या मातीमोल झाली.

मोटरहोमला रिव्हर्स असतो. पण तिच्या पाठीमागे दांड्याने छोटी गाडी जोडली, की तो असून नसल्यासारखा. मागे यायला गेलं की जोडलेल्या गाडीची पुढची चाकं भलतीकडेच वळतात आणि दांडा कातरीसारखा आवळतो. थंडी चुकवायला ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊन राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे स्वतःच्या नावासारखं पाठ असतं. रस्ता चुकला तर पुढे जा, लांबून वळसा घाला, नाहीतर गाडी सोडवा. मागे येऊ नका.

आणि ऑर्व्हलच्या या वरातीत तिसरंही प्रकरण होतं. घरगाडी आणि गाडी यांच्या मधे, दांड्याच्या बरोबर वर, एका रॅकवर दोन सायकली लटकलेल्या असायच्या. एक निळी, एक पिवळी. निवृत्तीला मुलांनी दिलेल्या. दोन वर्षांत नवरा-बायको त्यांच्यावर दीड वेळा बसले होते. अर्ध्या वेळी ऑर्व्हल वाळूत पडला होता. वळण जरा जास्त झालं की सायकलीचं हँडल गाडीच्या बॉनेटला टेकायला बघायचं. मागच्या कॅमेऱ्यात रस्ता दिसायचाच नाही, नुसती चाकं आणि पेडल. गाडी सोडवायची तर आधी सायकली उतरवा. तरीही दर रविवारी तो त्यांच्यात हवा भरायचा, कारण गाड्यांच्या देखभालीच्या त्याच्या यादीत एकोणिसावं कलम होतं: 'टायर, सर्व.' यादीत सर्व लिहिलंय म्हणजे सर्व. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'विकणे आहे' लिहिलं आणि पुठ्ठा निळ्या सायकलीच्या हँडलला बांधला.

"बहिणीच्या लग्नाला चाललोय आपण. बाजाराला नाही," त्याची बायको मार्लिस म्हणाली.

"तिथे दीडशे गाड्या उभ्या असतात. कुणीतरी बकरा सापडेल."

"मला तू सापडला होतास, तसाच."

लग्न ऑर्व्हलच्या थोरल्या बहिणीचं होतं. बर्नडीन शहात्तर वर्षांची, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेलेली. वाळवंटातल्या कॅम्पवर शेजारच्या जागेत उतरणाऱ्या हॉलिस नावाच्या टेक्सासच्या माणसाशी तिचं जमलं होतं. आणि तिने फोनवर सांगितलं होतं, "बारक्या, मला हात धरून तूच न्यायचंस. शनिवारी बाराला. या वेळी ये म्हणजे झालं."

ते 'या वेळी' ऑर्व्हलला महिनाभर कुसळासारखं टोचत होतं. चोपन्न वर्षांपूर्वी, वडील नसल्यामुळे, बर्नीला चर्चमध्ये हात धरून नवऱ्यापर्यंत नेण्याचा मान एकोणीस वर्षांच्या ऑर्व्हलचा होता. त्या सकाळी तो धाकट्या मावशीला आणायला ट्रक घेऊन गेला आणि वाटेत बर्फात रुतला. चार मैल चालत, कान निळे करून चर्चमध्ये पोचला तेव्हा लग्न लागलेलं होतं. बर्नी एकटीच चालत गेली होती. ती एवढंच म्हणाली होती, "आलास? केक खा." पुढे दर नाताळात जेवणाच्या टेबलावर ती ते वाक्य नक्कल करून सांगायची. सगळे पोट धरून हसायचे. ऑर्व्हलही हसायचा. मग अंगणातला बर्फ लोटायला म्हणून बाहेर जायचा आणि बराच वेळ आत यायचा नाही.

निघायचं होतं शुक्रवारी, पण दिवसभर असा वारा सुटला की एवढं उंच धूड रस्त्यावर काढणं म्हणजे शीड बांधून निघणं झालं असतं. म्हणून शनिवारी पहाटेच निघाले. ऑर्व्हलने टाय तेव्हाच बांधून टाकला होता. साडेदहाला डांबरी रस्ता संपला. आता तीन मैल खडीचा रस्ता आणि पुढे कॅम्प. फाट्यावर हॉलिसने लाकडी पाटी ठोकली होती: 'लग्न इकडे', खाली बाण, वर दोन फुगे.

"डावीकडे," मार्लिस म्हणाली.

"दोन वर्षांपूर्वी आपण उजवीकडून गेलो होतो. जवळ पडतं."

"ऑर्व्हल, फुगे लावलेत त्यांनी. फुगे."

"टेक्सासच्या माणसाला दिशा कळतात होय?"

उजवीकडचा रस्ता अर्ध्या मैलावर एका कोरड्या ओढ्यात उतरला आणि तिथेच संपला. दोन वर्षांपूर्वीची वाट मधल्या एका पुरात वाहून गेली होती. समोर पुरुषभर उंच दरड, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, आणि वळायला जागा म्हणाल तर एखादं गाढव वळेल इतकी. एक गाढव तिथे होतंही. रानगाढवाने कान टवकारून या लांबलचक वरातीकडे पाहिलं. कॅम्पवर नवी गाडी लागताना जुने लोक घडीच्या खुर्च्या टाकून गंमत बघतात, अगदी त्याच नजरेने.

शहाणपण काय होतं? खाली उतरावं, सायकली काढाव्यात, दांड्याच्या दोन खिळी ओढाव्यात, गाडी सुटी करावी. वीस मिनिटांचं काम. ऑर्व्हलला हे माहीत होतं. पण आतला बसवाला एकतीस वर्षांच्या पुण्याईवर उठून बसला. चार फूट मागे घेतलं की कोपरा सुटेल. चार फूट म्हणजे काय, बसच्या दाराएवढं.

"उतर आणि मागे उभी राहा. हात दाखव," तो म्हणाला.

"रिव्हर्स घेणारेस?"

"जरासाच."

"जरासा रिव्हर्स नसतो, असं तूच लोकांना सांगत असतोस."

पण ती उतरली. मागे जाऊन उभी राहिली, आणि पहिल्याच फुटाला तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. थांब, याची ती खूण. ऑर्व्हलने कॅमेऱ्यात पाहिलं तर निळं चाक, पिवळं चाक आणि 'विकणे आहे'. चौथ्या फुटाला धातूचा असा आवाज झाला की गाढवही दोन पावलं सरकलं.

उतरून पाहिलं तर छोटी गाडी तिरकी होऊन झुडपात घुसलेली, दांडा वाकडा ताणलेला, पिवळ्या सायकलीचं हँडल बॉनेटवर टेकलेलं. पुढे घ्यावं तर दरड, आणि मागची चाकं वाळूत वीतभर उतरलेली.

"या सायकली आड आल्या," ऑर्व्हल म्हणाला. "मला तू दिसलीच नाहीस."

"सायकली नाही आड आल्या. फुगे आणि मी, दोघांचंही तू ऐकलं नाहीस."

त्याने सायकली उतरवून झुडपाला टेकवल्या आणि हातोडी घेऊन दांड्याखाली शिरला. ताणाखालची खीळ हलेना. इकडून ठोकली, तिकडून ठोकली, तेल सोडलं, मनातल्या मनात नॉर्वेच्या आजोबांच्या ठेवणीतले शब्द सोडले. फोनला ओढ्यात सिग्नलची रेघही येत नव्हती. सव्वाअकरा वाजले. ऑर्व्हल वाळूत बसला आणि हातोडी त्याने बाजूला ठेवली.

"ती परत एकटीच जाणार," तो म्हणाला. "शहात्तर वर्षांची बाई. पुन्हा एकटीच."

मार्लिसने त्याला चव्वेचाळीस वर्षांत रडताना एकदाच पाहिलं होतं, कुत्रा गेला तेव्हा. तिने काही समजूत घातली नाही. ती आत गेली, त्याचा काळा कोट आणि फडक्यात गुंडाळलेल्या लेफ्सा घेऊन आली. बर्नीला आवडतात म्हणून आदल्या दिवशी तिने बटाट्याच्या या पातळ पोळ्या चाळीस लाटल्या होत्या. त्या तिने पिवळ्या सायकलीच्या टोपलीत ठेवल्या आणि टायर दाबून पाहिला. टायर टणक होता.

"एकोणिसावं कलम," ती म्हणाली. "ऊठ."

"माझे गुडघे?"

"ते यादीत नाहीत. ऊठ."

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने पँट मोज्यात खोचली, कोट चढवला आणि निळ्या सायकलीवर टांग टाकली. पहिली शंभर पावलं सायकल डावीकडे जायची आणि ऑर्व्हल उजवीकडे. वाळूत त्या ढकलाव्याच लागल्या. फाट्याशी येईपर्यंत दोघांना धाप लागली होती. फुगे वाऱ्यावर हलत होते. मार्लिसने त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

तिथून खडीचा रस्ता हळूहळू उताराला लागला. सायकल आपोआप पळायला लागली, कोटाची टोकं मागे फडफडायला लागली, आणि ऑर्व्हलच्या लक्षात आलं की आपल्या मागे काहीच जोडलेलं नाही. पंचावन्न फुटांची वरात नाही, आरशात बघायला नको, वळणाचा हिशोब नको. बाजूने उंच निवडुंग मागे पडत होते. त्याने कारण नसताना घंटी वाजवली. मार्लिसने तिची वाजवली. त्याला फार बरं वाटलं, आणि इतकी घाई असताना बरं कसं वाटतंय म्हणून जरा लाजही वाटली.

"दोन वर्षं आपण या का नाही चालवल्या?" तो ओरडून म्हणाला.

"तू हवा भरत होतास," मार्लिस ओरडली.

शेवटची चढण मात्र निष्ठुर होती. दोनदा उतरावं लागलं. बारा वाजले ते त्याने मनगटावर पाहिले, मग बारा दहा, मग त्याने घड्याळ बाहीखाली ढकललं. कॅम्पचं फाटक आलं तेव्हा बारा पंचवीस झाले होते. संपलं, त्याला वाटलं. आता केकच.

पण आतलं दृश्य काही वेगळंच होतं. साठ-सत्तर घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, पण पाद्रीकडे पाठ करून. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पाद्री लोकांच्या पाठीमागे पुस्तक मिटून उभा. आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीत, निळा झगा आणि पायात बूट घालून, मांडीवर फुलं घेऊन बर्नडीन बसली होती. सायकली दिसताच लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नव्या माणसाने गाडी पहिल्या फटक्यात नीट लावली की वाजवतात तशा. एरवी ऑर्व्हलला त्या खुर्च्यांची धास्ती असायची. आज तो सरळ बहिणीपुढे जाऊन थांबला आणि उतरताना जवळजवळ तिच्या पायांवर पडला.

"बर्नी, मी रिव्हर्स घेतला," त्याने कबूल केलं.

"ते वाटलंच," बर्नी म्हणाली. "मार्लिसच्या तोंडावरून कळतंय."

"पंचवीस मिनिटं. पुन्हा. मला माफ कर."

बर्नी उठली. त्याच्या मोज्यातून पँट तिने स्वतः वाकून बाहेर काढली, टाय सरळ केला. मग हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बारक्या, तुला एक सांगायचंय. त्या वेळी पाद्री म्हणाला होता, थांबू या. मीच नको म्हटलं. लोक खोळंबले होते, ऑर्गनवाली बाई दोनदा खोकली. आणि खिडकीतून रस्त्यावर एक ठिपका दिसत होता. चालत येणारा. मला कळलं होतं तो तू आहेस. तरी मी गेले."

ऑर्व्हलने हातातली सायकल तिच्या रिकाम्या खुर्चीला टेकवली.

"मग दरवर्षी तुझीच टिंगल करत बसले. म्हणजे मला कुणी काही विचारायला नको. चोपन्न वर्षं, बारक्या. आज सकाळी सगळ्यांना बजावलं, खुर्च्या रस्त्याकडे करा. माझा भाऊ दिसल्याशिवाय कुणी एक शब्द बोलायचा नाही. हॉलिसला भूक लागली होती, त्याला म्हटलं, मर." तिने डोळे पुसले आणि हसली. "या वेळी ठिपके दोन होते."

ऑर्व्हलने कोटावरची धूळ झटकली.

"म्हणजे तेव्हा मला केकचा मोठा तुकडा तरी मिळायला हवा होता," तो म्हणाला.

मग सगळ्यांनी खुर्च्या उचलून फिरवल्या, आणि त्या खडखडाटात ऑर्व्हलने बहिणीला दंडाला धरून, धुळीने भरलेल्या बुटांनी, खडीवर अंथरलेल्या हिरव्या सतरंजीवरून नेलं. चाळीस पावलं होती. त्याने ती मोजली, आणि मुद्दाम सावकाश टाकली.

जेवणं झाल्यावर कॅम्पवरचे आठ म्हातारे दोर, फावडी, लाकडी फळ्या आणि अर्थातच स्वतःच्या खुर्च्या घेऊन ओढ्याकडे निघाले. अशी गंमत कुणी चुकवत नाही. ऑर्व्हल म्हणाला, खुशाल बघा.

निघण्याआधी हॉलिसने निळ्या सायकलीवरचा पुठ्ठा पाहिला आणि भाव विचारला. ऑर्व्हलने तोंड उघडायच्या आत बर्नीने पुठ्ठा सोडवून घेतला, उलटा केला आणि पाद्रीचं पेन मागून त्यावर लिहिलं: 'नुकतंच लग्न झालंय.' तो तिने सायकलीला मागे बांधला, नव्या जोडप्याच्या गाडीला लावतात तसे मार्लिसने दोन रिकामे डबे दोरीला लावून दिले, आणि शहात्तर वर्षांची नवरी झगा आवरून सायकलीवर बसली. हॉलिसने पिवळी घेतली.

"मी आणि हॉलिस चक्कर मारून येतो," ती म्हणाली. "परत मिळतील तेव्हा मिळतील."

डबे खडखडवत दोघं वाकडीतिकडी फाटकाकडे गेली. ऑर्व्हलने खिशातून यादी काढली, मार्लिसकडून पेन्सिल घेतली, आणि एकोणिसाव्या कलमापुढे लिहिलं: 'दर रविवारी सायकली चालवणे. दोघांनी.'