सहा वाजून दहा मिनिटांचा हादरा

राजेश्वरी बाळंत होऊन सास्तूरला आली, पण तिला घरात जाता आलं नाही. सासू मथुराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"लेकराला स्लॅबखाली न्यायचं न्हाय."

तीन आठवड्यांपासून गावात जमीन हादरत होती. मांडणीवरची भांडी वाजायची, कुत्री भुंकायची. त्र्याण्णवच्या भूकंपात मथुराबाईंच्या दोन मुली गेल्या होत्या. राजेश्वरीचा नवरा बजरंग त्यानंतरचा. आईशी वाद घालायची त्याची छाती नव्हती. बाळ-बाळंतीण अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी बाळाला ताप भरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उन्हाचा ताप आहे, गार जागी ठेवा. मथुराबाई ओल्या फडक्यानं बाळाचं अंग पुसत राहिल्या, पण हटल्या नाहीत.

बजरंग तडक शेजारी निकिताकडं गेला. ती लोहाऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. हादरे सुरू झाल्यावर तिनं कंपनं मोजणारं एक छोटं यंत्र जोडून घरच्या फरशीवर बसवलं होतं. आकडे फाइलमध्ये साठत होते, ते नीट बघायचं मात्र राहून गेलं होतं.

तिनं लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत आकड्यांचा आलेख काढणारं ग्नूप्लॉट सुरू केलं. त्यात बटणं नसतात. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा. आडवी तारीख, उभा जोर. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता उमटला. दुसऱ्यांदा एक स्वल्पविराम चुकला आणि काहीच उमटलं नाही.

"दिसलं का काय?" बजरंग आत-बाहेर येरझाऱ्या घालत होता.

"थांबा हो, दादा."

तिनं रेघा काढून टाकल्या, नुसते ठिपके ठेवले. मग तारखेच्या जागी दिवसातली वेळ घातली. ठिपके एकदम एका जागी गोळा झाले. दुपारी दीड. तिनं तारखा ताडून पाहिल्या, तर रविवारी एकही नाही.

बजरंग वाकून बघत राहिला. "भूकंपाला रविवारची सुट्टी असती व्हय?"

दोघं मोटरसायकलवर निघाले. चार किलोमीटरवर नवी खडीची खाण निघाली होती. तिथला कामगार म्हणाला, "माणसं जेवायला गेली की दीडला सुरुंग उडवतो."

परत आल्यावर निकितानं आलेख पुन्हा काढला आणि ती थबकली. मघाशी नजरेतून सुटलेला एक ठिपका लांब डावीकडं एकटाच होता. मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

"तो ठिपका काढून टाक की," बजरंग म्हणाला. "आईला कशाला दावायचं?"

तिनं फाइल उघडली. त्या ठिपक्याच्या आकड्यांची ओळ सापडली. एक कळ दाबली की गेली. शेडमधून बाळाचं घोगरं रडणं येत होतं. तिचं बोट कळीवर होतं. तिनं ते उचललं, फाइल बंद केली आणि लॅपटॉप घेऊन ती शेडमध्ये गेली.

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो कशाचा?"

"ठाऊक नाही, काकू. सुरुंगाचा नाही, एवढंच कळतंय."

बजरंगनं कपाळावर हात मारला. मथुराबाईंचं बोट ठिपक्यावरच होतं.

"तवाबी आधी हादरे बसायचे," त्या म्हणाल्या. "जो तो म्हनायचा, काय न्हाय, निवांत ऱ्हावा. ठाऊक न्हाय असं एकजणबी म्हनला न्हाय. तू म्हनलीस."

त्या उठल्या. राजेश्वरीच्या मांडीवरून बाळ घेतलं आणि दाराजवळच्या खोलीत निजवलं. स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी दीडला भांडी किणकिणली. त्यांचा हात झटकन बाळाकडं गेला. त्यांनी घड्याळ बघितलं, श्वास सोडला. हात मात्र बाळावरून काढला नाही. संध्याकाळी ताप उतरला.

निकितानं त्या सकाळचे आकडे आपल्या जुन्या सरांना पाठवले. सरांचा फोन आला: एका यंत्रावरून काही सांगता येत नाही, दुसरं लांब बसवावं लागेल. तिनं त्याच दिवशी सुटे भाग मागवले. मुरुम गावी मामांच्या घरी जागा ठरली. तिथले आकडे येईपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं.