नव्वद अंश

दुखवणं हा फिजिओचा धंदाच. गुडघा बदललेल्या माणसाचा पाय वाकवताना तो ओरडला नाही, तर समजावं की कामचुकारपणा चाललाय. सहा आठवड्यांत पाय नव्वद अंशांपर्यंत वाकला तर वाकला, नाहीतर सांधा आखडतो आणि माणूस जन्माचा दुसऱ्याच्या आधारावर राहतो. आपल्या या फिजिओला तर पेशंट पाठीमागे 'कसाईण' म्हणायचे आणि तिच्याच दाराशी रांग लावायचे.

एकाच बाईला तिनं कधी दुखवलं नाही. ती बाई म्हणजे तिच्या ताईची सासू.

म्हातारीनं तिला ओळखलं नव्हतं. एक तर तोंडावर मास्क, आणि सुनेच्या माहेरच्यांकडे या बाईनं कधी नीट पाहिलं होतं? ताईला आठव्या महिन्यात ताप चढला तेव्हा हिनंच तीन दिवस तिला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. बाळ पोटातच गेलं. वर ताईच्या उशाशी बसून म्हणाली, "जे घडतं त्यामागे काहीतरी हेतू असतो." त्या दिवशी फिजिओचा असल्या हेतूंवरचा विश्वास उडाला. वर कुणी बसलेलं नाही, आधी काही ठरलेलं नाही. कुणाला दुखतं आणि कुणाला बरं वाटतं, एवढंच काय ते खरं. आणि वर कुणी नसेल, तर या बाईला शिक्षा कोण करणार? आपणच.

शिक्षा अगदी गोडीगुलाबीची होती. गरम शेक, हलका मसाज, आणि "दुखतंय का आजी? मग राहू दे." पट्टी लावून कोन मोजायचा. पंचावन्न. पुढच्या आठवड्यात साठ, मग साठच. म्हातारी खूश. "किती मऊ हात गं तुझे. लोक उगाच घाबरवतात."

तिनं हे घरी सांगितलं. माहेरी परतल्यापासून दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेली ताई उठून बसली.

"म्हणजे तिला खुर्चीतून उठतासुद्धा येणार नाही?"

"उठवायला माणूस लागेल."

ताई हसली. त्या दिवशी तिनं मागून घेऊन दोनदा भात खाल्ला. एका खडूस म्हातारीचा गुडघा एकीकडे आणि बहिणीची भूक दुसरीकडे. पारडं कुठं झुकतं ते सांगायला शहाणा कशाला हवा, असं म्हणून फिजिओ मोकळी झाली.

पाचव्या आठवड्यात म्हातारीला मुलाऐवजी धाकटी सून घेऊन आली. पोटावरून तिला पाचवा महिना असावा. तिनं सासूला काखेत हात घालून उचललं, खाटेवर बसवलं आणि मग भिंतीला टेकून स्वतःची कंबर दाबत उभी राहिली.

"दिवसातून किती वेळा उचलतेस?"

"दहा-बारा वेळा. जास्तच."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. उत्तर सासूनंच दिलं. "काय दाखवायचंय? आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत?"

उठवायला माणूस लागेल हे फिजिओनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तो माणूस कोण, हे एकदाही मनात आलं नव्हतं. साप मरावा आणि काठीही मोडू नये म्हणतात. इथं साप मजेत होता आणि काठी मोडायला आली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिनं मास्क काढला. "आजी, तुमच्या थोरल्या सुनेची मी धाकटी बहीण. आता मी तुमचा पाय वाकवणार आहे. खूप दुखेल."

म्हातारीचा चेहरा उतरला. "सूड घेतेस?"

"सूड पाच आठवडे घेत होते. हे औषध आहे."

"मला नको तुझं औषध. चल गं, उठव मला."

सून भिंतीपासून हलली नाही. "मी नाही उचलणार," ती हळूच म्हणाली. "आज नाही, उद्याही नाही."

म्हातारीनं आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. शेवटी तिनं खाटेची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. तिची किंकाळी बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकली. बहात्तर अंश. नंतर फिजिओनं सुनेचा हात धरला आणि तिला स्वतः समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

संध्याकाळी तिनं ताईला सगळं सांगितलं. ताईनं ताट बाजूला सारलं.

"ती पोरगी आपली कोण लागते?"

"कुणी नाही."

"मला कुणी सोडवलं होतं का गं?"

"नाही सोडवलं. म्हणूनच."

ताई आत गेली आणि आडवी झाली. फिजिओनं तिचं ताट झाकून ठेवलं. उद्या दहाला म्हातारी परत येणार होती. अजून अठरा अंश बाकी होते, म्हणजे ती अजून बरंच ओरडणार होती. आणि खरं सांगायचं तर फिजिओ त्याची वाट बघत होती.