ताईच्या मापाचा घसा

मित्रांनो, मी एक जुना घसा आहे. हसू नका. ज्यातून तुमचा घास उतरतो आणि हाक बाहेर पडते, तसला घसा मी नव्हे. मी प्लॅस्टिकचा आहे, आणि सध्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. मला गाता येत नाही, खोकता येत नाही, आणि गिळायला तर कधी साखरेचा दाणाही मिळाला नाही. तरी माझ्यासारख्या मुक्या घशालाही काही सांगायचे असते.

आमच्या प्रयोगशाळेत दम्याच्या रुग्णांसाठी इनहेलर घडवले जातात. इनहेलर दाबला की औषधाचा बारीक फवारा उडतो. तो फुफ्फुसात पोचला तर औषध, घशातच चिकटला तर नुसती कडू चव. मी येण्याआधी इथे धातूची एक वाकवलेली नळी घसा म्हणून मिरवायची. चकचकीत होती बिचारी, पण माणसाचा घसा इतका सरळमार्गी थोडाच असतो? त्यात जीभ आडवी येते, वळण येते, अरुंद जागा येते. म्हणून इथल्या इंजिनीअरबाईंनी आपल्या थोरल्या बहिणीला तपासणीच्या यंत्रात झोपवले, तिच्या घशाची आतून चित्रे घेतली आणि त्यांवरून थरावर थर चढवत मला बनवले. ही थोरली बहीण कपडे शिवायची आणि लहानपणापासून दम्याने बेजार होती. इंजिनीअरबाईंना ती 'धाकटे' म्हणून हाक मारायची, म्हणून माझ्यासाठीही त्या धाकटीच. आणि थोरली अर्थातच ताई.

मला पहिल्यांदा हातात घेऊन ताई म्हणाली, "अगं, एवढासाच? एवढ्याशा घशातून मी जन्मभर तुझ्यावर ओरडत आले?"

आता माझे काम सांगतो. माझ्या तोंडात इनहेलर बसवत. माझ्या खाली फुफ्फुसांच्या जागी एक गाळणी असे आणि गाळणीमागे हवा ओढणारा पंप. खरा घसा ओलसर असतो, म्हणून मला आतून चिकट द्रावण लावत. फवारा उडाला की एक काटेकोर गृहस्थ मला धुऊन काढत आणि माझ्यात किती औषध अडकले, गाळणीवर किती पोचले ते मोजत. त्यांना सगळे मापाडी म्हणत. माझे नशीबच उफराटे! माझ्या हाती काही लागले नाही की लोक खूश होत.

धाकटीच्या नव्या इनहेलरच्या चाचण्यांत मी जवळजवळ कोराच निघू लागलो. मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने मला दाखवत, आणि मी मनातल्या मनात फुगून जाई. पण धाकटीला कौतुकाशी देणेघेणे नव्हते. ताईला हल्ली औषधाने उतार पडत नव्हता. डॉक्टर मात्रा वाढवत होते आणि दमा काही हटत नव्हता. हा इनहेलर ती ताईसाठीच घडवत होती.

एकदा धाकटीचा उसवलेला पांढरा कोट शिवून घेऊन ताई प्रयोगशाळेत आली. जिना चढून तिला धाप लागली होती. ती माझ्या समोरच खुर्चीवर बसली आणि पिशवीतून तिने आपला रोजचा इनहेलर काढला. तिने आधी श्वास धरला. सुईत दोरा ओवताना धरतात ना, अगदी तसा. श्वास धरूनच तिने इनहेलर दाबला, आणि फवारा उडून गेल्यावर घाईघाईने हवा आत ओढली.

धाकटी बघतच राहिली. "ताई, तू श्वास का धरलास?"

"मग काय करू? बारीक काम करताना श्वास धरला की हात हलत नाही."

"रोज असंच घेतेस?"

"रोज. तुझ्यासमोरच तर घेते."

मित्रांनो, दिव्याखाली अंधार तो हाच. आमचा पंप धडधाकट माणसासारखा शांत, लांब श्वास ओढायचा आणि फवारा नेमका त्या श्वासाबरोबर सोडला जायचा. घसा ताईचा होता, पण श्वास तिचा नव्हता. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही हे ध्यानात आले नव्हते.

धाकटीने तिथल्या तिथे ताईचा श्वास यंत्रावर नोंदवून घेतला. तिला आधी श्वास सोडायला आणि मग हळूहळू ओढता ओढता दाबायलाही शिकवले. ताई शिकली. पण धाप लागली की हात पुन्हा जुन्याच वळणावर जाई.

मग पंपाला ताईचा श्वास लावला, आणि मी आतून औषधाने माखून गेलो. मापाडींनी दोनदा मोजले. "बाई, सगळं घशातच राहिलंय," ते हळूच म्हणाले.

"लोकांना नीट घ्यायला शिकवा," साहेब वैतागले. "चांगलं जमलेलं यंत्र कशाला मोडता?"

"शिकवूच, साहेब. पण जीव गुदमरला की शिकवलेलं कुठे आठवतं? श्वास आत ओढल्याशिवाय फवारा उडायलाच नको."

साहेबांनी मापाडींचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "करा."

श्वासाने उघडणारी झडप करणे म्हणजे तारेवरची कसरत होती. ताठ केली तर ताईच्या अशक्त श्वासाला ती दाद देईना. सैल केली तर पिशवीतल्या धक्क्यानेही उघडे. धाकटी झडपा घडवत होती, मोडत होती, पुन्हा घडवत होती. बाहेर थंडी वाढत होती.

मग काही दिवस धाकटी आलीच नाही. मला पुसता पुसता मापाडी कुणाला तरी सांगत होते, तेव्हा मला कळले. ताई गेली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत इनहेलर तिच्या हातात होता. तो जुनाच.

धाकटी परत आली ती नवी झडप बसवायलाच. मापाडींनी चाचरत विचारले, "बाई, कुठला श्वास लावू?"

"ताईचाच."

पंप सुरू झाला. आधी तो क्षणभर थबकला, ताई थबकायची तसाच. मग तिचा तो तुटका, घाईचा श्वास माझ्यातून गेला, झडप उघडली आणि फवारा मला जेमतेम शिवून पुढे निघून गेला. मापाडी मोजून आले. "पोचलं, बाई," ते म्हणाले. धाकटीने मान हलवली. मग माझ्या वळणावर हात ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली. घसा दाटून येतो म्हणतात. त्या दिवशी माझ्यात औषध नावालाच होते, तरी मी दाटून आलो होतो.

आता इथे नवे घसे आले आहेत, लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, नाना मापांचे. मला तडा गेला आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझी तक्रार नाही. तो इनहेलर आज पुष्कळ लोकांच्या खिशात आहे.

फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात आजोबा, काकू, भाऊ, कुणीही औषध घेत असेल, तर "घेतलंस का?" एवढेच विचारून खेळायला पळू नका. एकदा समोर बसा आणि ते कसे घेतात ते नीट बघा. काही चुकते आहे असे वाटले, तर डॉक्टरांना सांगा. धाकटी वर्षानुवर्षे ताईच्या समोर बसत होती. बघितले मात्र तिने एकदाच, आणि तेही उशिरा.