तळाचा बरगा

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला की गावात बरग्यांची हाळी पडायची. नदीवरच्या बंधाऱ्याला दारं नाहीत. दगडी खांबांच्या खाचांतून लोखंडी फळ्या, म्हणजे बरगे, माणसांनी एकावर एक उतरवायचे, दोन ओळींच्या मधे माती ठासायची आणि उन्हाळ्यासाठी नदी अडवायची. खांबांमधले अर्धे गाळे पलीकडच्या गावाचे, अर्धे आपले. नेम एकच, घरटी एक माणूस. नेम छानच होता. फक्त अलीकडं ज्यांच्या उसाला हे पाणी मिळायचं, त्यांच्या घरातला माणूस नेमका त्याच दिवशी पावण्यांकडं गेलेला असायचा. आणि ज्यांना वीतभर रान नाही त्या बौद्ध वस्तीतली एकोणीस घरं मात्र न चुकता एकोणीस माणसं पाठवायची.

त्यांत दादासो आला नाही असं कधी झालं नव्हतं. तळाचा बरगा बसवावा तर त्यानंच. छातीभर गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. पायानं खाचेखालचा दगडी उंबरा चाचपायचा, एकेक खडा अंगठ्यानं बाजूला सारायचा, मग बुडी मारून फळी टेकवायची. खाली एक खडा राहिला तरी उन्हाळाभर पाणी गळतं. फळीचं दुसरं टोक पिराजीच्या हातात असे. पिराजी नदीकाठचा शेतकरी, दादासोच्याच वयाचा. पाण्यात उतरल्यावर दोघांना बोलावं लागत नसे. साठीला टेकलेल्या दादासोचे गुडघे आताशा थंड पाण्यात ठणकायचे, पण या कामाचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

वस्तीला मात्र नळ नव्हता. याच बंधाऱ्याचं पाणी टाकीत चढवून गावाला नळ आले त्याला बावीस वर्षं झाली होती. वस्ती टाकीपासून सहाशे फुटांवर, पण मधे हंबीररावांचं रान. हंबीरराव पाणी संस्थेचे चेअरमन. उभ्या उसातून पाइपांसाठी चर कसा काढायचा, ऊस तुटू दे मग बघू, असं ते म्हणायचे. ऊस तुटला की त्याच बुडख्यांना खोडवा फुटायचा, खोडवा गेला की पुन्हा नवी लागण. बावीस वर्षांत ते रान एक दिवस रिकामं झालं नाही. पंचायतीच्या आवारात आणून टाकलेल्या पाइपांवर भोपळ्याचा वेल चढला. दर साली बंधाऱ्यावर हंबीरराव दादासोच्या ओल्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे की यंदा तुमचं नक्की. दादासो तो शब्द घरी न्यायचा आणि नदीवरून घागरी आणणाऱ्या सोनूबाईला, आपल्या बायकोला, समजवायचा की काम लई मोठं आहे, वेळ लागणारच. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या खेपेला निघायची.

दोन हजार चार साली दादासोचा पुतण्या धम्मपाल, कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला असलेला, दोन दिवसांची रजा टाकून आला. विहारात वस्ती जमली. त्यानं मांडलं ते साधं होतं. बंधाऱ्यावर सगळ्यांनी जायचं, काठावर बसायचं, चर निघेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. घोषणा नको, फलक नको. दादासोला हे मुळीच पटलं नाही. नदी आटली तर आपण घागरी भरतो तो डोहही आटेल, ऊस वाळला तर बायांची भांगलणीची मजुरी जाईल, आणि पुन्हा गावात तोंड दाखवायचं ते निराळंच. त्यानं हे सगळं सांगितलं आणि सांगता सांगताच त्याला कळलं, की ही वाक्यं आपली कमी आणि हंबीररावांची जास्त आहेत. बायांमधून सोनूबाई बोलली.

"डोह आटला तर मी आनि दोन फर्लांग लांब जाईन. पाय माझंच हायती की."



दुसऱ्या दिवशी सकाळी दादासोसकट वस्ती काठावर बसली. गावाकडून पिराजी धरून नऊ माणसं आली होती. पिराजीला वाटलं ही मंडळी दम खात आहेत. खरं कळल्यावर त्यानं नुसतं धोतर खोचलं. बातमी गावात गेली आणि दुपारपर्यंत नवल घडलं. मोटरसायकली आल्या, ट्रॅक्टर आले, पावण्यांकडं गेलेले सगळे एका तासात परतले. घरटी माणूस असा भरगच्च दादासोनं पंधरा वर्षांत पाहिला नव्हता.

हंबीररावांनी आधी रागावून पाहिलं, मग गोड बोलून पाहिलं, मग आपल्याच माणसांना पाण्यात उतरवलं. त्यांनी फळी सोडली ती वाकडी. काढली, पुन्हा सोडली, पुन्हा वाकडी. पलीकडच्या गावानं आपले गाळे केव्हाच बंद केले होते, त्यामुळं सगळी नदी इकडून पळत होती आणि तिकडची माणसं काठावर उभी राहून शिव्या घालत होती. दादासोच्या पायाचे अंगठे जमिनीत रुतले. खडा डाव्या हाताला आहे, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं. एक शब्द पुरला असता.

शेवटी सगळे दमून बाहेर आले. पिराजी तेवढा छातीभर पाण्यात राहिला. फळीचं एक टोक त्यानं धरलं होतं, दुसरं खांबाला टेकलेलं, आणि तो दादासोकडं बघत होता.

"दादू, यायलास न्हवं?"

तीस वर्षांत हे विचारायची वेळ आली नव्हती. दादासोला वाटलं उठावं.  रागवायचं होतं हंबीररावांवर आणि वाईट वाटत होतं ते पिराजीचं, असला हा घोटाळा.

"न्हाई पिराजी. वर ये तू. गारठशील."

पिराजीनं थोडा वेळ फळी धरून ठेवली, मग सोडली. वर येऊन तो कुणाकडंही न बघता घरी गेला. दुसरा दिवस तसाच गेला. पाणी दोन हात उतरलं, मोटरींचे फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपांच्या तळाच्या झडपा, उघडे पडले आणि संध्याकाळी हंबीररावांनी निरोप धाडला की चर काढा.

तिसऱ्या दिवशी गावातली घरटी माणसं कुदळी-खोरी घेऊन उसात शिरली, वस्तीची एकोणीसही शिरली. दोन सऱ्या ऊस तोडला. भोपळ्याचा वेल ओरबाडून पाइप आणले. चौथ्या दिवशी दुपारी वस्तीत नळाला पाणी आलं. दादासो तिकडं बंधाऱ्यावर होता. त्यानं आणि पिराजीनं तळाचा बरगा बसवला, पहिल्याच बुडीत. पिराजी त्याच्याशी बोलला नाही.

तो ओल्या अंगानं घरी आला तेव्हा पोरं गूळ वाटत होती. सोनूबाईनं घागर भरली, नळ नीट बंद केला, आणि घागर तिथंच ठेवून ती नव्या चराच्या कडेनं पार उसापर्यंत चालत गेली. तशीच परत आली. सावकाश, पावलं मोजत आल्यासारखी.

"किती दिस लागलं वो चराला?" तिनं विचारलं.

"दीड."

"दीड दिस," ती म्हणाली. "आनि तुमी मला बावीस वर्सं सांगत हुता, लई मोठं काम हाय म्हनून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला जे सांगितलं तेच मी तुला सांगत आलो, एवढंही दादासोला म्हणवेना. तिनं घागर काखेला घेतली आणि आत गेली. दादासो नळाच्या कट्ट्यावर बसला आणि सगळी वस्ती हसत असताना लहान लेकरासारखा रडला.