डेलला चुकून मिळालेल्या मिठ्या

मी एक हातमोजा आहे. थंडीत घालतात तसला नव्हे. बेसबॉलचा, डाव्या हाताचा, गाईच्या चामड्याचा. चेंडू येऊन बसावा म्हणून माझ्या पोटात खळगा केलेला आहे. हल्ली टेनेसीतल्या एका लहान गावात, एका घराच्या पडवीत, खुंटीवर असतो. मला बोलायची फारशी सवय नाही. जरा सावकाश सांगतो.

कुठे शिवला गेलो ते नीटसं आठवत नाही. दाभण आठवतं, आणि चामड्याची वादी ओवणाऱ्या बाईचं गुणगुणणं आठवतं. माझी खरी आठवण सुरू होते ती एलादियोपासून.

एलादियो ओगांदो डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातला पोरगा. एका मोठ्या अमेरिकन संघाने त्याला उचललं तेव्हा त्याच्या आईने, मिरेयाने, मला त्याच्या हातात ठेवलं. मी तेव्हा लाकडासारखा ताठ होतो. त्याने मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवला, आईच्या जुन्या लांब पायमोज्याने करकचून बांधलं आणि गादीखाली घालून वर झोपला. असं कित्येक दिवस. पोराचं वजन अंगावर घेऊन घेऊन मी मऊ झालो आणि त्याच्या हाताचा आकार माझ्या आत उमटला.

या लोकांत एक रीत आहे. एकमेकांची बॅट मागतील, टोपी घालतील, बशीतला पदार्थही उचलतील. पण दुसऱ्याच्या हातमोज्यात हात घालणार नाहीत. परका हात शिरला की मोजा बिघडला, असं समजतात.

मोठ्या संघाचे खालच्या पायरीचे संघ असतात. होतकरू पोरांना तिथे ठेवतात, घडवतात, आणि त्यांतला एखादाच वर जातो. एलादियोला असंच या गावात पाठवलं. खेळाडूंना गावातलीच घरं सांभाळतात. एलादियोला लॉर्ना व्हिकरी नावाच्या विधवा बाईंचं घर मिळालं. शाळेची बस चालवायच्या त्या. सगळे त्यांना मिस लॉर्ना म्हणत. पहिल्याच सकाळी त्यांनी भातावर लोणी आणि साखर घालून बशी पुढे केली.

"मिस लॉर्ना, भातावर साखर?" एलादियो घाबरून म्हणाला. "माझी आई रडेल हो."

"मग तिला सांगू नकोस. खा. आणि माझ्या टेबलावर टोपी काढायची."

त्याच घरात, त्याच खोलीत डेल टिबेट्स होता. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतला रुंद खांद्यांचा पोरगा. मैदानावर दोघे शेजारी उभे राहत. एलादियोने चेंडू उचलायचा आणि न बघताच फेकायचा. डेल तिथे असायचाच. मला वाटतं, तसं जमायला दोन माणसांनी एकाच छपराखाली घोरावं लागतं.

डेलची एक गोष्ट मला ठाऊक होती. त्याचा उजवा गुडघा सुजायचा. न्हाणीघराचं दार लावून तो पट्टी गुंडाळायचा आणि वरून पँट ओढून घ्यायचा. कुणाला कळलं असतं तर वर जायची वाट बंद झाली असती. त्याचे वडील ऑर्विल लहानपणापासून त्याला गावोगावच्या मैदानांवर गाडीतून नेत आलेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. हवापाणी, मका, आणि मग हळूच, "वरचं काही कळलं का रे?"

त्या जुलैत मोठ्या संघाला एका अनुभवी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, गरज पडली. दुसऱ्या संघाकडे तसा एक होता. त्याच्या बदल्यात आमच्या संघातली दोन तरणी पोरं द्यायची, असं पेपरात आलं. एक नाव फुटलंच होतं, उंच डावखुऱ्या पिचरचं. दुसरं कुणाचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण घेणाऱ्या संघाकडे डेलच्या जागी खेळणारं कुणी धड नव्हतं. डेल गेला असता तर एका उडीत दोन पायऱ्या वर चढला असता.

"टिबेट्स, बॅग भरलीस का?" कपडे बदलायच्या खोलीत पोरं चिडवायची.

"याच्या बदल्यात काय मिळणार? दोन डझन चेंडू!"

"तुझ्या बदल्यात पाठवलेली पिशवीसुद्धा रिकामी परत यायची," डेल म्हणायचा. हसायचा, पण कान दाराकडे.

अशा दिवसांत एक खूण सगळ्यांना पाठ असते. बरा खेळणारा गडी मधेच बाहेर काढला आणि कारण सांगितलं नाही, की समजायचं, त्याचा सौदा झाला. त्याला दुखापत होऊ नये म्हणून जपून ठेवतात.

सौदे करायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी सामना अर्ध्यावर आला असताना आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे स्किप म्हणत, डेलजवळ आले. "डेल, पुरे झालं. आत जाऊन बस," म्हणाले, आणि आमची फलंदाजीची पाळी होती म्हणून तिसऱ्या बेसपाशी फलंदाजांना खुणा करायला निघून गेले. पुढे काही बोललेच नाहीत. फार कमी बोलणारा माणूस.

बाकावरच्यांनी ती खूण ओळखली. मग एकदम सगळे उठले. एकेकाने डेलला मिठी मारली, पाठीवर थापा घातल्या. "विसरू नकोस रे आम्हाला!" "तिकडे तरी वेळेवर उठ!" आमचा जाडजूड कॅचर हँक तर त्याला सोडेचना.

एलादियो शेवटी आला. मला त्याने डेलच्या छातीशी धरलं.

"घे."

"वेडा आहेस का? हा तुझा आहे."

"म्हणून तर देतो."

डेलचा मोजा उचलून एलादियो मैदानात गेला आणि मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या काखेत राहिलो. डेलने बोळातून घरी फोन लावला. "बाबा, मी चाललो." पलीकडे ऑर्विल डेलच्या आईला ओरडून सांगत असल्याचं मलाही ऐकू आलं. "जेनिव्हा! अगं जेनिव्हा, पोरगं चाललं वर!" मागे कुत्रं भुंकायला लागलं. डेल रिसीव्हर कानाला धरून नुसता उभा होता. डोळे मिटून.

सामना संपला. स्किप आत आले.

"डॉक्टरांनी गुडघा पाहिला का तुझा?"

"गुडघा?"

"लंगडत होतास. म्हणून तर काढलं तुला." मग ते पोरांकडे न बघता म्हणाले, "ओगांदो, माझ्या खोलीत ये. आत्ताच फोन आला."

दुसरं नाव एलादियोचं होतं.

चुकीच्या माणसाला मिठ्या मारून बसलेली ती सगळी पोरं. कुणी वर बघेना. बुटांच्या सुटलेल्याच नाड्या पुन्हा सोडत बसली. एलादियो बाहेर आला तेव्हा त्यालाही कुणी धड काही म्हटलं नाही. निरोपाचं जे होतं ते त्यांनी आधीच वापरून टाकलं होतं. न्यायला आलेल्या मिस लॉर्नांनी वाटेत गाडीतला रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. डेल घरी फोन न करताच भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सकाळी एलादियोला न्यायला गाडी येणार होती. मिस लॉर्ना स्वयंपाकघरात त्याच्यासाठी बिस्किटं बांधत होत्या. एलादियो बॅग घेऊन पडवीत एकटाच उभा. माझ्यासाठी तो आत आला नाही. मला वाटलं, आता डेल उठतच नाही. एकाच खोलीत राहिलेली माणसं अशीच, पाठमोरी, एकमेकांना मुकायची.

पण डेल उठला. लंगडत आला. आता लपवायचं काही नव्हतं. त्याने मला पुढे केलं.

"हा घे. माझा तो फाटका मोजा घालून उभा राहिलास तर तिकडचे हसतील."

"हसू देत."

"एलादियो, हा निरोपाचा होता. निरोप माझा नव्हता."

"मी जाणाऱ्याला नाही दिला," एलादियो तुटक तुटक म्हणाला. "डेलला दिला. डेल इथेच आहे. घाल हात."

डेलने घातला. रुंद हात, करंगळी भलत्याच खोबणीत. मी अंग चोरलं नाही, एवढंच सांगतो.

"बरं, मग थांब," डेल म्हणाला. "काल त्या सगळ्यांनी मारल्या त्या मिठ्या तुझ्या आहेत. मी ठेवून नाही घेऊ शकत. ही हँकची. घामट आहे, माफ कर." आणि त्याने एलादियोला इतकं आवळलं की त्याची टोपी पडली. "ही पिचरची. हा पाठ फोडतो." धपाधप थापा. "ही त्या नव्या पोराची, याला मिठी मारता येत नाही." खांद्याला खांदा लावून बाजूला झाला. एलादियो हसता हसता रडत होता. जाळीच्या दाराआड मिस लॉर्ना बिस्किटांची पिशवी घेऊन थांबल्या होत्या.

शेवटची मिठी डेलने नाव न सांगता मारली. ती बरीच लांबली. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला नाही.

गाडी गेल्यावर डेलने घरी फोन लावला. त्याला नीट ऐकू यावं म्हणून मिस लॉर्नांनी पंखा बंद केला. "बाबा, मी नाही. एलादियो गेला. माझा गुडघा गेलाय." पलीकडे ऑर्विलनी भुंकणाऱ्या कुत्र्याला हाकललं. मग ऑर्विल म्हणाले, "तू घरी येतोस, की मी येऊ तिकडे?"

"तुम्ही? मक्याचं काय?"

"मका उभाच आहे. पळून जात नाही."

ते आले. एवढा लांबचा रस्ता गाडी चालवत आले आणि पडवीच्या पायरीवर डेलशेजारी बसले. वर जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. "ही पायरी हलतेय," म्हणाले, आणि मिस लॉर्नांकडून हातोडा मागून घेतला.

पुढचं थोडक्यात. तो अनुभवी पिचर पानगळीपर्यंतही टिकला नाही, त्याचा खांदा गेला. एलादियो मोठ्या मैदानांवर काही वर्षं खेळला. फार मोठं नाव झालं नाही, पण खेळला. डेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळणं सुटलं. तो याच गावात राहिला, शाळेतल्या पोरींच्या संघाला शिकवू लागला. मिस लॉर्ना गेल्यावर हे घर त्याच्याकडे आलं. इतकी वर्षं मी त्याच्याच हातात आहे. माझ्या आतला आकार आता त्याच्या हाताचा झाला आहे.

न्हाव्याच्या दुकानात अजून वाद चालतो, त्या सौद्यात कोण जिंकलं. मागच्या वर्षी एलादियो आला होता, केस पिकलेला, पोट सुटलेला. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यालाच धरलं. "तू सांग बाबा, कोण जिंकलं?"

एलादियोने डेलकडे बघितलं.

"मिस लॉर्ना हरल्या," डेल म्हणाला. "भातावर साखर खाणारा एक गेला."

"मी कधीच खाल्ली नाही ती," एलादियो म्हणाला. "यालाच द्यायचो."

म्हातारे हसले. त्यांना उत्तर मिळालं नाही, पण त्या दोघांना पुन्हा कुणी विचारलंही नाही.

माझी वादी दोनदा बदलली. खळगा झिजून पातळ झाला आहे, जोराचा चेंडू आला की डेलच्या तळहाताला झोंबतो. तरी तो दुसरा मोजा घेत नाही. किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. म्हणून एक मागणं मागून ठेवतो. असा सौदा तुमच्या आसपासही होत असेल. खेळातच असं नाही. जो निवडला गेला त्याच्याभोवती गर्दी होते, ती होऊ द्या. तुम्ही, जमलं तर, जो राहिला त्याच्या पायरीवर जाऊन बसा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालतं. हातोडा मागा.

मैदानावर पोरी जमल्यात, आवाज येतोय. डेल पडवीच्या पायऱ्या चढतोय, एकेक करून. येतो मी.